प्लुटोचे ग्रहपद गेले. कुंडलीत काय बदलले?

२००६ सालच्या ऑगस्टअखेरची गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. नाव सांगत नाही. बेळगावात त्यांना ओळखणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांना हर्निया होता. हे दुखणे माझ्या गोळ्यांनी जाणारे नाही, सर्जनकडून शस्त्रक्रिया करून घ्या, असे मी त्यांना वर्षभर सांगत होतो. पण त्यांच्या ज्योतिषीबुवांनी, गोचरीचा प्लुटो अष्टमात आहे, तोवर शरीराला शस्त्र लावू नका, असा सल्ला दिला होता. त्या दिवशी गुरुजी हातात वर्तमानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, प्लुटोला ग्रहांतून काढून टाकला म्हणे. मग आता ऑपरेशनला हरकत नाही ना?"

मी हसलो आणि म्हणालो, "चला, तुमची सबब संपली." तो प्रश्न मी असा हसण्यावारी न्यायला नको होता. तेव्हा जे उत्तर द्यायचे राहिले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम घडले काय ते पाहू. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या सभेत, जमलेल्या सभासदांनी पिवळी कार्डे उंचावून मतदान केले आणि ग्रहाची व्याख्या ठरवली. तिच्यात तीन अटी आहेत. त्याने सूर्याभोवती फिरावे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलसर आकार येण्याइतके त्याचे वस्तुमान असावे. आणि आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर त्याने इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा. प्लुटो पहिल्या दोन अटींत बसतो, तिसरीत बसत नाही. नेपच्यूनपलीकडे बर्फाळ गोळ्यांचा मोठा पट्टा आहे, त्या गर्दीतलाच तो एक. म्हणून त्याला बटुग्रह म्हणायचे ठरले.

हा निर्णय आकाशातून कोसळला नव्हता. २००५ मध्ये एरिस नावाचा गोळा सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे वस्तुमान प्लुटोपेक्षा सुमारे सव्वापट निघाले. प्लुटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह, आणि मागाहून सापडतील ते सगळेच ग्रह! असाच पेच पूर्वी एकदा पडला होता. १ जानेवारी १८०१ रोजी पियात्झी यांना सेरेस सापडला आणि पुढे कित्येक वर्षे तो ग्रहांच्या यादीत मोजला जात होता. त्याच्या वाटेवर तसलेच आणखी गोळे सापडत गेले, तेव्हा त्या सगळ्यांना लघुग्रह म्हणण्यात आले. त्या वेळी कोणाच्या कुंडलीत खळबळ झाली नाही, कारण सेरेसला कोणी फारसे कुंडलीत घेतलेच नव्हते.

आता आपल्या 'ग्रह' या शब्दाकडे वळू. शब्द एकच असल्यामुळे सगळा घोटाळा होतो. आपल्या ज्योतिषातले नऊ ग्रह प्रागच्या तराजूत घालून पाहा. रवी हा तारा, म्हणून बाद. चंद्र हा उपग्रह, म्हणून बाद. राहू आणि केतू या तर वस्तूच नव्हेत. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते हे दोन बिंदू. नवांतले चार असे गेले, उरले पाच. उलट जी पृथ्वी तिन्ही अटी पुऱ्या करते, तिला कुंडलीत घरच नाही, कारण आपण तिच्यावर उभे राहूनच बाकीच्यांकडे पाहतो. मुळात 'ग्रह' हा शब्द पकडणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. सूर्याभोवती कोण फिरते याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आमच्या जैन परंपरेत तर मोजणीच वेगळी आहे. तिथे सूर्य आणि चंद्र हे ग्रहांहून निराळे धरतात आणि एका चंद्राच्या परिवारात ८८ ग्रह व २८ नक्षत्रे सांगतात. लहानपणी मला प्रश्न पडे की शाळेतले नऊ खरे, घरातल्या पंचांगातले नऊ खरे, की आजोबा सांगत ते अठ्ठ्याऐंशी? आज वाटते की या तीन निरनिराळ्या कामांसाठी केलेल्या तीन निरनिराळ्या याद्या आहेत. एका यादीतले नाव खोडले म्हणून दुसरी यादी आपोआप बदलत नाही.

आमच्या वैद्यकातही असे होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची मर्यादा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. आदल्या रात्री निरोगी म्हणून झोपलेली कितीतरी माणसे सकाळी रक्तदाबाचे रोगी ठरली. त्यांच्या रक्तवाहिन्यांत त्या रात्री काहीच घडले नव्हते. प्लुटोचेही तसेच. २४ ऑगस्टच्या आधी तो जिथून जात होता, तिथूनच नंतरही गेला.

म्हणजे पारंपरिक ज्योतिषाला प्रागच्या ठरावाने धक्का लागत नाही. विंशोत्तरी दशेची १२० वर्षे नवग्रहांतच वाटलेली आहेत. तिथे प्लुटोला एक दिवससुद्धा नाही. वृश्चिकेचा स्वामी आपल्याकडे मंगळच होता आणि मंगळच आहे.

पण एवढ्यावर समाधान मानून थांबू नका. आपल्याकडच्या अनेक ज्योतिषांनी हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो हेही पाश्चात्त्यांकडून घेतले आहेत. पंचांगांत त्यांची स्थाने छापून येतात. हर्षल या नावातच इतिहास आहे. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधलेल्या ग्रहाला आपण शोधकाचेच नाव मराठी करून दिले. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, १९३० मध्ये क्लाइड टॉम्बो यांना अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत प्लुटो सापडला. पाश्चात्त्य ज्योतिषांनी मग वृश्चिक रास मंगळाकडून काढून प्लुटोच्या नावे केली आणि मृत्यू, उलथापालथ, दडलेल्या गोष्टी हे विषय त्याच्याकडे सोपवले.

हे गुण आले कुठून? प्लुटो हा रोमन पुराणातला पाताळाचा देव. ते नाव सुचवले ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. तिने दुसऱ्या एखाद्या देवाचे नाव सुचवले असते, तर आमच्या गुरुजींच्या अष्टमातला तो बिंदू भीतिदायक ठरला असता का?

इथे आपल्या भागातल्या एका थोर गणितज्ञाची आठवण होते. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे भाकीत केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासने दाखवलेल्या संबंधाच्या धर्तीवर त्यांनी हे गणित मांडले होते. ब्रह्म्याचा प्रदक्षिणाकाल त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला; प्लुटोचा २४८ वर्षे आहे. आपली छाती अभिमानाने भरून यावी असाच हा मेळ आहे. तरी तो योगायोगच मानावा लागतो, कारण ज्या नियमाच्या आधारे ते आकडे काढले, तो नियम त्या ग्रहांना लागू पडत नाही. खुद्द लोवेल यांचेही तेच झाले. ज्या ओढीच्या हिशेबाने त्यांनी नवा ग्रह शोधायला घेतला, ती ओढ लावण्याइतके प्लुटोचे वस्तुमानच नाही. आपल्या चंद्रापेक्षाही तो लहान आहे. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे केतकरांसारख्या गणितज्ञाने दुसऱ्या कोणाहीपेक्षा आधी मान्य केले असते.

प्रागच्या ठरावाने ज्योतिषापुढे खरा प्रश्न टाकला तो असा. प्लुटोचा परिणाम लोकांच्या आयुष्यात पाहून नोंदला असेल, तर त्याला ग्रह म्हणा की बटुग्रह, तो परिणाम राहायला हवा. मग त्याच्याहून जड असलेल्या एरिसचाही परिणाम असायला हवा, आणि तो २००५ पूर्वी कोणाला तरी जाणवायला हवा होता. १९३० पूर्वीची भाकितेही प्लुटोवाचून कुठे तरी अडायला हवी होती. तशी ती अडल्याचे कोणी म्हटले नव्हते.

आणि हा प्रश्न मी दुसऱ्याला विचारून मोकळा होऊ शकत नाही. मी होमिओपॅथी करतो. गुण आला तो औषधाने, काळाने, की डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतले म्हणून? हे मला माझ्या मुलानेच विचारले आहे. एक रुग्ण बरा झाला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कबूल करावे लागते. म्हणून जे दुखणे माझ्या आवाक्यातले नाही, ते मी त्याच दिवशी पुढे पाठवतो. निदान पाठवायला हवे.

गुरुजींच्या बाबतीत मी तोंडाने सांगत राहिलो, पण पाठपुरावा केला नाही. त्यांनी ज्योतिषीबुवांना पुन्हा विचारले. "नाव बदलले तरी परिणाम तोच," असे उत्तर मिळाले. दिवाळीनंतर एका रात्री त्यांचे आतडे हर्नियात अडकून पीळ बसला. मध्यरात्री शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा काही भाग कापावा लागला. सरळ, ठरवून झाले असते ते काम जिवावर बेतून झाले. ते वाचले. मी भेटायला गेलो, तेव्हा खाटेवरून म्हणाले, "डॉक्टर, प्लुटो अजून अष्टमातच आहे."

तो तिथेच राहणार होता. २४८ वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत सरासरी वीस वर्षांहून अधिक. तो जाईपर्यंत थांबायचे म्हणजे साठीच्या माणसाने ऐंशीपर्यंत थांबायचे! हा साधा भागाकार मी ऑगस्टमध्येच त्यांना करून दाखवायला हवा होता.

पत्रिका पाहणे सोडा, असे मी आपल्याला म्हणत नाही; माझ्या घरातही मुहूर्त पाहतात. पण कोणी ग्रहाचे नाव सांगून उपचार पुढे ढकलायला सांगितले, तर दोन गोष्टी जरूर विचारा: हा ग्रह तिथून कधी हलणार? आणि तोवर दुखणे थांबून राहील, याची खात्री कोण देणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्योतिष्याकडे नसते. त्यासाठी सर्जनकडे जा, आणि त्याच आठवड्यात जा.