घाटात गाडी बंद का पडते?



काहींच्या दारी अजून जुनी अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी किंवा पेट्रोलची जीप आहे. भर उन्हात घाट चढताना ती आचके देत बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते. विहिरीवरचा पंप हवा धरतो, तसाच हा प्रकार. पेट्रोलचा काही भाग ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. तापलेल्या नळीत त्याची वाफ अडते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही.

पेट्रोलचा उग्र वास आला, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जादा झाले असे समजावे. निवल्यावरही गाडी चालू झाली नाही, तर मेकॅनिककडून कॉइल तपासून घ्यावी.

अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरते. बॉनेट उघडून इंजिन निवू द्या. मग इंधनपंपावर व नळीवर ओले फडके ठेवा. पाणी ओतू नका, पंपाची काचेची वाटी तडकते. जवळ कोणालाही विडी पेटवू देऊ नका.

उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर साफ करा, पंख्याचा पट्टा ताणून घ्या. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या तापलेल्या भागापासून दूर बांधा. पंपाखालचे उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे का, तेही पाहा.

अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ सांगून येत नाही. हे काम चैत्रातच उरका.