पनवेलची तिजोरी आणि मतदार

अमेरिकेच्या अनेक घटकराज्यांत कोषाधिकारी थेट लोकमताने निवडला जातो. भारतात असे पद नाही. राज्याचा वित्तमंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात. मतदाराचा तिजोरीशी निकटचा संबंध शोधावयाचा, तर नगरसंस्थेकडेच वळावे लागते. पनवेलची नगरपालिका १८५२ ची; तिची महानगरपालिका २०१६ मध्ये झाली आणि २०१७ मध्ये ७८ सदस्य निवडून आले. १९४९ च्या अधिनियमानुसार अंदाजपत्रक आयुक्ताने तयार करून स्थायी समितीपुढे ठेवावयाचे असते. सोळा सदस्यांची ही समिती आपला सभापती स्वतः निवडते. अखेरची मंजुरी मात्र सर्वसाधारण सभेची. मतदाराचा हात तिजोरीपर्यंत पोचतो तो असा वळणावळणाने. पण पोचतो, हे महत्त्वाचे.

२०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच! ऑक्टोबर २०१६ पासूनच्या मालमत्ताकर-आकारणीवरून सिडको वसाहतींतील रहिवाशांचा वाद तेव्हा धुमसतच होता. ज्या सभेत त्याची चर्चा व्हावयाची, ती सभाच अस्तित्वात नव्हती.