वेग हवा, सुरक्षितताही हवी : खुल्या गेम इंजिनांपुढील पेच

बंगळुरू : मोबाइलवरील खेळ मध्येच बंद पडला की दोष बहुधा फोनला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चूक असते ती खेळाचा गाभा असलेल्या ‘गेम इंजिन’च्या मेमरी हाताळणीत. स्वतःचे खेळ तयार करू पाहणाऱ्या लहान स्टुडिओंसाठी हा प्रश्न कळीचा ठरतो.

राजेश राव यांनी १९९७ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही देशातील सुरुवातीच्या गेमनिर्मिती कंपन्यांपैकी एक. परदेशी कंपन्यांची कामे करून नावारूपाला आलेली ही कंपनी २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने विकत घेतली. स्वतःच्या खेळासाठी मात्र इंजिनचा खर्च स्टुडिओलाच पेलावा लागतो. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाच्या इन्स्टॉलनुसार शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि वर्षभराने ती मागे घेतली. या वादामुळे २०१४ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या, मूळच्या अर्जेंटिनातील ‘गोडो’ इंजिनकडे अनेक विकसक वळले.

गोडोचा गाभा सी++ भाषेत आहे. या भाषेत मेमरी मागणे आणि परत करणे ही मुख्यतः प्रोग्रामरची जबाबदारी असते. परत केलेली जागा पुन्हा वापरली गेल्यास खेळ कोसळतो किंवा हल्लेखोराला शिरकावाची वाट मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, कंपनीने दरवर्षी दुरुस्त केलेल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीशी संबंधित होत्या.

प्रत्येक वेळी तपासणी करणे हा त्यावरील उपाय. पण त्यासाठी वेळ खर्ची पडतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. म्हणूनच गोडोने मध्यममार्ग स्वीकारला आहे. चित्र, ध्वनी यांसारख्या घटकांचे किती वापरकर्ते उरले याची मोजणी ठेवली जाते आणि ती शून्यावर येताच जागा मोकळी होते. दोन घटक एकमेकांना धरून बसले, तर मात्र ही मोजणी शून्यावर येत नाही. इतर वस्तूंना स्वतंत्र क्रमांक दिला जातो. वस्तू नष्ट झाली की तो क्रमांक निरुपयोगी ठरतो आणि चूक पकडता येते.

वेगासाठी, जीडीस्क्रिप्टमध्ये चलांचे प्रकार आधीच नमूद केल्यास गोडो ४ अधिक जलद सूचना वापरते. विकासाच्या टप्प्यावर ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ हे साधन मेमरीतील चुका शोधते. मात्र त्यामुळे प्रोग्रामचा वेग साधारण निम्म्यावर येत असल्याने ते ग्राहकांच्या प्रतीत ठेवले जात नाही.

रस्ट भाषेतील ‘बेव्ही’ इंजिनने वेगळी वाट धरली आहे. रस्टमध्ये अशा बहुतेक चुका प्रोग्राम चालण्यापूर्वीच, कंपायलरच्या पातळीवर अडवल्या जातात. मात्र सी++मधील प्रचंड संहिता नव्याने लिहिणे सोपे नाही.

मुक्तस्रोत इंजिनमधील त्रुटी स्टुडिओला स्वतः शोधून दुरुस्त करता येते. त्याचबरोबर, स्वस्त फोनवर खेळाची कसून चाचणी घेण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.