डब्यातली भेंडी, भिंतीवरच्या गाद्या : 'कॅन' बँडच्या भन्नाट गोष्टी

जर्मनीतल्या कोलोन शहरात १९६८ साली 'कॅन' हा बँड जमला. म्होरक्या कुणीच नाही. सगळ्यांनी मिळून वाजवायचं आणि वाजवता वाजवता गाणं शोधायचं, ही त्यांची रीत. त्यातून काय काय घडलं, बघा!

चेल्याने गुरूला नादावलं
इर्मिन श्मिट (कीबोर्ड) आणि होल्गर चुकाय (बास) हे थोर संगीतकार श्टोकहाउझेन यांचे विद्यार्थी. चुकायला रॉकची गोडी लावली ती त्याच्याच शिष्याने, मिखाएल कारोलीने, बीटल्स ऐकवून! मग तोच शिष्य बँडचा गिटारवादक झाला.

दुपारी रस्त्यावर, रात्री स्टेजवर
१९७० साली म्युनिकच्या रस्त्यावर दामो सुझुकी हा जपानी तरुण गाताना दिसला. त्याच रात्री तो 'कॅन'चा गायक म्हणून स्टेजवर होता. तालीम? एकही नाही!

गाद्यांचा स्टुडिओ
कोलोनजवळच्या वायलरस्विस्ट गावातलं जुनं सिनेमा थिएटर त्यांनी स्टुडिओसाठी घेतलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या सुमारे १५०० गाद्या ठोकल्या!

कात्रीची कमाल
तासन् तास वाजवायचं, टेप सुरूच ठेवायची. मग चुकाय टेप कापून, जोडून त्यातून गाणं घडवायचा. १९७१ चा 'टागो मागो' हा गाजलेला डबल अल्बम असाच तयार झाला.

टीव्हीने केलं हिट
'दास मेसर' म्हणजे 'सुरी' या थरारक टीव्ही मालिकेसाठी त्यांनी गाणं केलं, त्याचं नाव 'स्पून', म्हणजे चमचा! १९७२ मध्ये ते जर्मन चार्टवर सहाव्या क्रमांकावर पोचलं.

भेंडी आणि जान
त्याच वर्षीच्या 'एगे बाम्यासी' अल्बमच्या कव्हरवर चक्क भेंडीचा डबा आहे. तुर्की भाषेत या नावाचा अर्थच 'एजियन भेंडी'! बँडचं नाव इंग्रजीत 'Can' असं लिहितात; तुर्कीत 'can' असं लिहिलेला शब्द 'जान' असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ प्राण. आपल्याकडे फारसीतून आलेली 'जान' ती हीच!

पुढच्यांवर मोहिनी
'द फॉल' या ब्रिटिश बँडने दामोच्या नावाचं गाणं केलं, रेडिओहेडने 'कॅन'चं गाणं मैफलीत वाजवलं, कान्ये वेस्टने त्यांच्या गाण्याचा तुकडा वापरला. अमेरिकेतल्या 'स्पून' बँडचं नाव तर त्या चमच्यावरूनच!

कुठून सुरुवात करायची? 'व्हिटॅमिन सी' हे साडेतीन मिनिटांचं गाणं लावा आणि याकी लीबेत्साइटच्या ड्रम्सकडे कान द्या. 'कॅन'ची खरी जान तिथेच आहे.