जुनी मोटारसायकल : हवेची वाट नीट जोडा



गळीत हंगाम आला की तोडीची पाळी, टोळीची सोय, वजनाची पावती यांसाठी धावपळ सुरू होते. वैभववाडी-कणकवलीकडचे आपले ऊसवाले घाट चढून जातात-येतात ते बहुधा मोटारसायकलवरूनच. गाडी पुष्कळदा मालवण किनाऱ्याकडून घेतलेली, वापरलेली असते. ती खोलून पुन्हा जोडताना काय सांभाळावे, ते येथे देत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतला कार्बुरेटर बहुतेक गेला. आता आत येणाऱ्या हवेचा दाब, तिची उष्णता आणि थ्रॉटल किती उघडला हे सेन्सर सांगतात. त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो.

काम सुरू करण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. रबरी नळी काढताच थ्रॉटलच्या तोंडावर स्वच्छ फडके ठेवावे, आणि जोडताना ते आठवणीने काढावे! किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने सेन्सरच्या पिना हिरव्या पडतात. त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून वाळू द्याव्यात, घासू नयेत. सॉकेट 'टक्' असा आवाज होईपर्यंत बसवावे, वायरला धरून ओढू नये. सेन्सरची रबरी रिंग चिरली असल्यास बदलावी. तेल लावलेला कागदी फिल्टर धुऊ नये, त्यावर हवाही मारू नये, नवा घालावा.

चावी फिरवली की इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू होताच विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल, तर तो कोणी बंद करून ठेवला आहे काय, हे गाडी घेण्यापूर्वीच पाहावे.

पण दिवा विझला म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. फिल्टर आणि थ्रॉटल यांमधल्या नळीला फट असेल तर हवा न गाळता आत जाते. दिवा धुळीची तक्रार करीत नाही. आमच्याच एका गाडीची नळी खाचेत बसली नव्हती. गाडी छान पळत होती. पुढे धूर येऊ लागला. आम्ही प्लग बदलला, ऑइल बदलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी पिस्टन-रिंगा बदलाव्या लागल्या, आणि ऐन तोडीत गाडी गॅरेजात पडली.

म्हणून नळी आणि क्लॅम्प बोटाने चाचपून पाहावेत. आठ-दहा दिवसांनी फिल्टरपलीकडच्या नळीत पांढरे फडके फिरवावे. तांबडी माती लागली, तर फट आहे. गाडी तिथेच थांबवा आणि नळी पुन्हा बसवा. फडक्याला पैसे पडत नाहीत, इंजिनाला पडतात.