डब्यावरील त्रिकोण

प्रत्येक भांड्याचा एक धर्म असतो, हे जुन्या काळच्या गृहिणींना चांगले ठाऊक होते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते; म्हणून पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई लावली जात असे. लोणचे चिनी मातीच्या बरणीत मुरवावयाचे आणि दही मातीच्या गाडग्यात लावावयाचे, हे नियम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरले होते. आज या भांड्यांच्या जोडीला प्लास्टिकचा डबा आला आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत शाळेच्या दप्तरापासून शेतावर जाणाऱ्या न्याहारीपर्यंत सर्वत्र तो दिसतो. तो हलका आहे, स्वस्त आहे आणि सहसा फुटत नाही. परंतु या नव्या भांड्याचा धर्म फारच थोड्यांना ठाऊक असतो.

हवा तो आकार देता येतो, असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘प्लास्टिक’ हे नाव आले. लिओ बेकलँड या शास्त्रज्ञाने 1907 साली बेकेलाइट हे संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक तयार केले. त्यानंतर प्लास्टिकचे अनेक प्रकार निघाले. प्लास्टिक हा एकच पदार्थ नाही. ते एक मोठे कुटुंब आहे आणि त्यातील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. बेकेलाइट उष्णतेने वितळत नाही. उलट डबे आणि पिशव्या यांचे प्लास्टिक उष्णतेने मऊ होते व पुन्हा ओतता येते.

हे प्रकार ओळखता यावेत म्हणून अमेरिकेत 1988 साली एक खूण ठरविण्यात आली. डबा उलटा करून पाहिला, तर बहुधा त्याच्या बुडाशी बाणांचा एक छोटा त्रिकोण व त्यात 1 ते 7 यांपैकी एक अंक आढळतो. पाण्याच्या पारदर्शक बाटलीवर 1 हा अंक असतो. 2 हा अंक जाड व टणक कॅनवर, 3 नळ्यांच्या प्लास्टिकवर, तर 4 दुधाच्या पिशवीसारख्या मऊ प्लास्टिकवर आढळतो. जेवणाचे चांगले डबे बहुधा 5 या प्रकारचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. 6 हा थर्मोकोलचा वर्ग आहे आणि उरलेले सर्व प्रकार 7 मध्ये येतात. मात्र हा त्रिकोण केवळ जात सांगतो. वस्तू अन्नासाठी योग्य आहे, अशी ग्वाही तो देत नाही. त्यासाठी ‘अन्नासाठी योग्य’ असा निर्देश किंवा पेला व काटा यांचे चिन्ह पाहावे लागते.

प्लास्टिकला रंग, लवचीकपणा व टिकाऊपणा यावा म्हणून त्यात निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांचे अत्यंत सूक्ष्म अंश अन्नात उतरू शकतात. अन्न गरम, तेलकट किंवा आंबट असेल, तर हे उतरणे वाढते. भारतातील 2018 च्या नियमांनुसार एक किलो अन्नात असे अंश एकूण 60 मिलिग्रॅमपेक्षा अधिक उतरता कामा नयेत. पण हा नियम पाळून बनविलेली वस्तूही भलत्या कामी वापरली, तर नियमाचा उपयोग काय? पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक 70 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. म्हणून तिच्यात उकळते पाणी भरू नये. पातळ पिशवीत वाफाळलेला चहा किंवा तर्रीदार रस्सा आणणेही अयोग्य होय. त्यासाठी स्टीलची बरणी घरोघर असतेच. ओरखडे पडलेला, चिरलेला डबा अन्नाच्या कामातून काढून टाकावा.

ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या या भागात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पिकांवर फवारण्याच्या औषधाचा कॅन रिकामा झाला, तरी त्यात पाणी, दूध वा तेल कधीही भरू नये. प्लास्टिक आतील द्रव्य थोडेफार शोषून घेते. कितीही धुतले तरी ते पूर्णपणे निघून जात नाही.

जुन्या प्लास्टिकपासून पुन्हा अन्नाचे डबे बनविण्यास सरसकट परवानगी नाही, याचे कारणही हेच आहे. आलेल्या मालाचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक असणार? तथापि त्याचे इतर उपयोग पुष्कळ आहेत. भंगारात आलेले प्लास्टिक प्रथम जातीप्रमाणे निवडतात, मग धुतात, त्याचे तुकडे करतात, ते वितळवून त्यांच्या तारा काढतात आणि त्या कापून दाणे बनवितात. या दाण्यांपासून बादल्या, नळ्या व चटया तयार होतात. पाण्याच्या बाटल्यांपासून तर कापडाचा धागाही निघतो. या सर्व कामाचा पाया म्हणजे निवडणे. पुणे शहरात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन केली, तेव्हापासून त्यांच्या या कामाचे मोल समाजाला अधिक कळू लागले. घरातील मुलेही त्यांचे ओझे हलके करू शकतात. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून टाकू नये, तो पिशवीलाच राहू द्यावा. कारण सुटा तुकडा कोणीच वेचीत नाही. पिशवी धुऊन, वाळवून मगच भंगारात द्यावी.

प्लास्टिक जाळणे हा मात्र उपाय नव्हे. दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. उसाचा रस काढून उरलेली चिपाडे जाळूनच काहिलीतील रस आटवावा, अशी जुनी रीत. परंतु काही ठिकाणी चुलाणात टाकाऊ प्लास्टिक जाळले जाते, अशा तक्रारी येथील गावकऱ्यांनी केल्या आहेत. अशा धुरात घातक वायू असतात. विशेषतः 3 या प्रकारचे प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषे निर्माण होऊ शकतात. गावाची हवा आणि चुलाणापाशी राबणाऱ्या माणसांचे श्वास यांची किंमत स्वस्त इंधनाहून मोठी आहे.

उघड्यावर फेकलेले प्लास्टिकही नाहीसे होत नाही. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या. घोड भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी पुढे उजनीच्या जलाशयात साठते. ओढ्यात टाकलेली पिशवी उन्हाने जीर्ण होते, तिचे बारीक कण होतात आणि तेच पाणी पुढे शेतांना व माणसांना मिळते.

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पण शासनाची नजर प्रत्येक घरातील फडताळापर्यंत पोहोचू शकत नाही. तेथे डबा उलटा करून पाहणारी, गरम अन्नासाठी स्टीलचे भांडे पुढे करणारी आणि निरुपयोगी प्लास्टिक स्वच्छ करून वेगळे ठेवणारी मुलेच उपयोगी पडतील.