गंजलेल्या जहाजाचा फोटो काढताय? आधी हे वाचा



रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर बंधाऱ्याला टेकून पडलेल्या जहाजाचे फोटो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर बघितले असतील. त्याचं नाव ‘बसरा स्टार’. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात नांगर धरेना आणि जहाज वाहत बंधाऱ्यावर आदळलं. खलाशी वाचले, जहाज मात्र तिथंच राहिलं. पुढं कित्येक वर्षं लाटा त्याला खात राहिल्या आणि लोक लांबून लांबून फोटो काढायला येत राहिले.

फोटो लई भारी येतो, यात वाद नाही. पण बेवारस जहाजाची किंमत कोण भरतं, ते फोटोत दिसत नाही.

गोव्यात बघा. ६ जून २००० ला ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे लोहखनिजाचं जहाज कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलं. लांबी सुमारे २४० मीटर. मालक, सरकार, कोर्ट, ठेकेदार असं करता करता ते पुरतं निघायला बारा वर्षांच्या आसपास गेली. तोवर जहाज वाळूत खोल बसलं आणि तुकडे करूनच काढावं लागलं. पहिल्या महिन्यात जे ओढून नेता आलं असतं, त्याचा नंतर डोंगर झाला.

जहाजं अशी का सोडून देतात? हिशेब सोपा आहे. काढायचा खर्च भंगाराच्या भावापेक्षा जास्त झाला की मालक हात वर करतो. म्हणूनच नैरोबी करार झाला आणि तो २०१५ पासून लागू आहे. ३०० टनांवरच्या जहाजाला अवशेष काढण्याच्या खर्चाचा विमा ठेवावाच लागतो. भारतही या करारात आहे.

२०११ मध्ये तर ओमानजवळ खलाशांनी सोडलेलं ‘पवित’ हे टँकर महिनाभर एकटंच वाहत ३१ जुलैला मुंबईत जुहूच्या वाळूवर येऊन लागलं. एवढं मोठं जहाज वाटेत अडवलं गेलं नाही. रात्री अशा जहाजावर एखादी मासेमारीची बोट आदळली असती तर?

पोरं अशा जहाजात शिरायला बघतात, त्यांना घरच्यांनी ठणकावून सांगावं. वरून पत्रा धड दिसतो, पण आतून कागदासारखा झालेला असतो. बंद खोलीत गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वास येत नाही, कळत नाही, माणूस आत गेला की कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. टँकरमध्ये गॅसची भीती वेगळीच. फोटो काढायचा तर किनाऱ्यावरून काढा.

आता आपलं. कमठाण्याला समुद्र नाही, पण कारंजा जलाशय आहे. मोडकी होडी ‘नंतर बघू’ म्हणून पाण्यात सोडली, की पाणी चढल्यावर ती दिसत नाही. दिसतं ते दुसऱ्याचं फाटलेलं जाळं. एका जाळ्यामागं घरातले किती पैसे अडकलेले असतात, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून एवढं करू या:

– होडी कामातून गेली की पाणी उतरल्यावर लगेच बाहेर ओढा. उशीर केला तर गाळ धरून ठेवतो.
– काढता येत नसेल तर तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधा.
– बुडालेली होडी, ओंडका, जुनं जाळं दिसलं तर फोटो काढा. मागं टेकडी, देऊळ किंवा झाड अशी खूण यावी, तारीख लिहावी आणि सोसायटीत कळवावं.
– समुद्रावर बोटीवर कामाला जाणाऱ्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाईलमध्ये ठेवावा.

फोटो जरूर काढा. फक्त तो आधी सोसायटीकडं पाठवा, लाईक नंतर मिळतीलच. होडीवाल्या सगळ्या भावांपर्यंत हे पोचवा.